रक्त तपासले, पुढे काय?

हिमोग्लोबिन १०.४. लाल पेशी ५८ लाख. एमसीव्ही ६३.

गरोदर बाईच्या साध्या सीबीसी तपासणीचा असा कागद महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पाहायला मिळतो. हिमोग्लोबिन कमी दिसते, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि कागद फाइलीत जातो. त्याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहिलेली असते. लोह कमी पडले की लाल पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. इथे पेशी लहान आहेत, पण संख्या भरपूर आहे. एमसीव्हीच्या, म्हणजे लाल पेशीच्या सरासरी आकाराच्या, आकड्याला लाल पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागायचे आणि उत्तर १३ च्या आत आले तर लोहाआधी थॅलेसेमियाच्या वाहकपणाची शंका घ्यायची, अशी एक सोपी चाळणी १९७३ पासून माहीत आहे. मेंट्झर निर्देशांक असे तिचे नाव. वरच्या कागदावर ६३ भागिले ५.८, म्हणजे ११ सुद्धा भरत नाहीत. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. निदानासाठी हिमोग्लोबिन ए-टू किती टक्के आहे हे पाहावे लागते आणि ते साडेतीनच्या वर गेले की बहुधा प्रश्न मिटतो. पण या पहिल्या पायरीला कॅल्क्युलेटरखेरीज काहीही लागत नाही. तरीही ती पायरी चढली जात नाही आणि वर्ष-दोन वर्षांनी तीच बाई पांढरेफटक पडलेले मूल कडेवर घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात येते.

थॅलेसेमिया होऊ न देणे शक्य आहे, हे जगाला गेल्या पन्नास वर्षांत पुरते कळून चुकले आहे. काही देशांनी ते करून दाखवले, काहींनी उत्साहाच्या भरात हात पोळून घेतले. त्या दोन्हींतला फरक तपासणीच्या यंत्रात नव्हता. रक्त तपासल्यावर कोणाला, केव्हा आणि कोणत्या सुरात सांगितले यात तो होता. या पुस्तकाचा रोख त्या फरकावर आहे.

आधी आजाराविषयी. हिमोग्लोबिन बनते ते दोन प्रकारच्या साखळ्यांपासून, आणि त्यांतल्या बीटा साखळीचा नमुना ११ व्या गुणसूत्रावर असतो. प्रत्येकाजवळ या नमुन्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर माणूस वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. तो शेतात राबतो, मॅरेथॉन धावतो, ऐंशी वर्षे जगतो आणि मरेपर्यंत त्याला हे ठाऊकही नसते. मायनर म्हणजे थोडासा आजार आणि तो वाढून मेजर होतो, ही समजूत शिकलेल्या घरांतूनही आढळते. ती साफ चुकीची आहे. प्रश्न येतो तो दोन वाहक आईबाप झाल्यावर. प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेले, असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची २५ टक्के. ‘प्रत्येक’ या शब्दावर समुपदेशकांना पुन्हा पुन्हा जोर द्यावा लागतो, कारण पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब मांडणारी जोडपी त्यांना नेहमीच भेटतात.

मूल जन्मते ते गुटगुटीत. गर्भातले हिमोग्लोबिन वेगळ्या साखळीचे असते आणि जन्मानंतर काही महिने तेच शरीराला पुरते. सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षापर्यंत कधीतरी ते ओसरते, बीटा साखळीची पाळी येते आणि ती तर बनतच नाही. मूल फिके पडते, किरकिरते, वजन धरत नाही, पोटात प्लीहा वाढू लागते. लाल पेशी बनवण्याच्या अट्टहासात अस्थिमज्जा फुगते आणि कपाळाची, गालांची हाडे पुढे येतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ साली अशा मुलांचे पहिले वर्णन केले. ती मुले इटालियन आणि ग्रीक घरांतली होती, म्हणून पुढे बराच काळ हा भूमध्य समुद्राकाठचा आजार मानला गेला. कोलकात्याहून भारतातल्या रुग्णाची पहिली नोंद १९३८ मध्ये झाली.

उपचार न मिळाल्यास अशी मुले पाच वर्षांची होत नाहीत. मिळाल्यास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, जन्मभर. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते यकृतात साठते, हृदयात साठते, वाढ आणि वयात येणे ज्या ग्रंथींवर अवलंबून असते त्यांतही साठते. म्हणून लोह काढण्याचे औषध. कित्येक वर्षे ते पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, छोट्या पंपाने, रात्रीचे आठ ते बारा तास आणि आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागे. तोंडावाटे घ्यायचे डेफेरिप्रोन हे पहिले औषध जगात सर्वप्रथम भारतात परवाना मिळून बाजारात आले, १९९० च्या दशकात. इतका मोठा बदल या देशातून सुरू झाला, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही.

रक्त मिळवणे ही एक वेगळीच चाकरी. मे महिन्यात महाविद्यालये बंद, दिवाळीत शिबिरे बंद; थॅलेसेमियाच्या मुलाच्या आईला हे वेळापत्रक पंचांगापेक्षा जास्त पाठ असते. २०२० च्या टाळेबंदीत रक्तदान शिबिरेच थांबली तेव्हा या घरांवर काय गुजरली असेल याची कल्पना करता येते. मिळालेले रक्त निर्धोक असेलच असेही नाही. २०११ साली गुजरातेत, जुनागडमध्ये, थॅलेसेमियाच्या वीसहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले होते.

बरे होण्याचा मार्ग आहे, पण अरुंद. अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८० च्या दशकात इटलीतल्या पेझारो येथे ग्विदो लुकारेली यांनी रुळवले. त्यासाठी जुळणारा दाता लागतो आणि सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. भारतात २०१७ पासून कोल इंडियाच्या मदतीने गरीब घरांतल्या मुलांना प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत साहाय्य देणारी योजना चालते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. हा आकडा वाचल्यावर त्याविषयी इथे अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

भारतात दरवर्षी दहा ते बारा हजार मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. वाहक चार कोटींच्या आसपास. मुंबई, वडोदरा, कोलकाता, बेंगळुरू, लुधियाना आणि दिब्रुगड अशा सहा शहरांत ५६ हजारांहून अधिक विद्यार्थी आणि गरोदर स्त्रिया तपासण्यात आल्या, तेव्हा वाहकांचे प्रमाण सरासरी २.७८ टक्के भरले. सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत ते कितीतरी जास्त आहे. पण सहाही शहरांत वाहक सापडले, त्यामुळे ‘आमच्यात नसतं हो असलं काही’ या उत्तराला फारसा आधार उरत नाही.

काही समाजांत जास्त का, याचे पहिले सूत्र जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ साली मांडले. वाहकांच्या लहान पेशींत हिवतापाच्या जंतूंचा नीट निभाव लागत नसावा, म्हणून जिथे हिवताप पिढ्यान् पिढ्या माणसे मारत आला तिथे वाहक टिकले आणि वाढले, असा त्यांचा तर्क. सार्डिनियात तो डोळ्यांना दिसला: किनाऱ्यालगतच्या सखल, हिवतापी गावांत वाहक पुष्कळ, वर डोंगरातल्या गावांत कमी. (हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतातच येऊन राहिले आणि भुवनेश्वरला वारले.) दुसरे कारण माणसांनी स्वतःच पुरवले. जातीत लग्न, पोटजातीत लग्न, आणि आपल्याकडे वर मामाची मुलगी. बिघडलेली प्रत एका वर्तुळात फिरत राहिली की ती स्वतःच्या जोडीला कधीतरी भेटतेच. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसली, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि सिंधी समाजाच्या रक्तातला हा वारसाही त्यांच्याबरोबर महाराष्ट्रात आला. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत जनुकाचा जो ६१९ अक्षरे गळालेला बिघाड विशेष आढळतो, तो या स्थलांतराची वाट आजही प्रयोगशाळेत दाखवतो.

आता सायप्रसकडे. हे बेट हिवतापाने पोखरलेले होते. १९४० च्या दशकात मेहमेट अझीझ या तुर्की-सायप्रसवासी आरोग्य अधिकाऱ्याने डासांच्या डबक्यांचा चौकोन चौकोन आखून पाठलाग केला आणि हिवताप संपवला. मग लहान मुलांचे मृत्यू घटले आणि त्या मृत्यूंच्या गर्दीत दडलेला थॅलेसेमिया उघडा पडला. ॲलन फॉड्री या ब्रिटिश डॉक्टरने १९४४ मध्येच त्याची नोंद केली होती. दर सात माणसांमागे एक वाहक, दर १५८ जन्मांमागे एक आजारी मूल. रक्त चढवण्याची सोय झाली, मुले जगू लागली, आणि १९७० च्या सुमारास डॉक्टरांनी पुढच्या चाळीस वर्षांचा हिशेब मांडला. काहीच केले नाही तर या मुलांच्या रक्ताची आणि औषधांची गरज बेटाचे सगळे आरोग्य अंदाजपत्रक गिळून टाकेल, असे उत्तर आले. मुलांना चांगले जगवायचे असेल तर नव्या आजारी मुलांचे जन्म कमी व्हायला हवेत, हे पालकांच्या संघटनांनीच सरकारला सांगितले. ज्यांच्या घरात रुग्ण होता तेच या मोहिमेचे पहिले प्रचारक होते. सायप्रसच्या यशाचे हे कारण इतर देशांच्या अहवालांत फार त्रोटक येते.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. सायप्रसच्या ऑर्थोडॉक्स चर्चने १९८३ पासून लग्नाआधी थॅलेसेमिया तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, एवढे सगळे जण सांगतात. त्या प्रमाणपत्रावर काय लिहिलेले असते, हे कमी जण सांगतात. दोघांची तपासणी झाली आहे आणि दोघांना योग्य तो सल्ला मिळाला आहे, बस्स. कोण वाहक, कोण नाही, हे पाद्र्याला कळत नाही, व्याह्यांना कळत नाही. लग्न करायचे की नाही हे त्या दोघांनी ठरवायचे. दोघेही वाहक निघाल्यावर लग्न मोडणारी जोडपी अगदी मोजकी निघाली. बाकीच्यांनी लग्ने केली आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करून घेतली. ती सोय बेटावर नव्हती तेव्हा जोडपी लंडनला जात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आजारी मुलांचे जन्म जवळजवळ शून्यावर आले, आणि दुभंगलेल्या बेटाच्या तुर्की बाजूलाही असाच कार्यक्रम चालला. सार्डिनियात अंतोनिओ काओ यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकाच्या मध्यावर जे सुरू झाले त्यात सक्तीचा मागमूस नव्हता. घरचे डॉक्टर, शाळा, वर्तमानपत्रे, सुईणी. कॅथलिक समाज असूनही अडीचशे जन्मांमागे एक हे प्रमाण चार हजारांमागे एक इतके खाली आले.

याच्या नेमकी उलट कथा ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोसची. हे गाव एकेकाळच्या कोपाइस सरोवराच्या काठचे. दलदल, डास, हिवताप, आणि त्यामुळे थॅलेसेमियाच्या भावंडाचा, सिकलसेलचा सुळसुळाट. जवळजवळ चारात एक माणूस वाहक. स्टामाटोयानोपूलोस या डॉक्टरांच्या चमूने गावातल्या लोकांची तपासणी केली, प्रत्येकाला निकाल सांगितला, वाहकाने वाहकाशी लग्न करू नये असे समजावले. सात-एक वर्षांनी ते पुन्हा पाहायला गेले. गावाला माहिती पक्की होती, आणि त्या माहितीचे गावाने काय केले? वाहक मुलीच्या घरच्यांनी निकाल दडवला. काही ठरलेली लग्ने फिसकटली, काही घरांवर शिक्का बसला. आणि वाहक-वाहक लग्ने? कोणी काही सांगितलेच नसते तर योगायोगाने जितकी झाली असती, साधारण तितकीच झाली. हा अनुभव १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अमेरिकेत अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर सिकलसेलची सक्तीची तपासणी लादली, वाहक आणि रुग्ण यांत कायदे करणाऱ्यांनीच घोळ घातला आणि धडधाकट माणसांच्या नोकऱ्या आणि विमे अडले.

ऑर्कोमेनोस वाचताना मराठी वाचकाला काही ओळखीचे वाटणारच. ‘पत्रिका नको, रक्त जुळवा’ अशा धाटणीच्या घोषणा आपल्याकडच्या फलकांवर असतात. हेतू चांगला, यमकही बरे, पण ज्या समाजात मंगळ असलेल्या मुलीचे लग्न जमवताना बापाचे जोडे झिजतात, त्या समाजाच्या हाती आणखी एक मंगळ देण्यात शहाणपण नाही. वाहक मुलाला हे सांगायला हवे की तू कोणाशीही लग्न करू शकतोस, फक्त जोडीदाराचीही तपासणी करून घे. आणि दोघेही वाहक निघालात तरी वाट बंद होत नाही. फलकावर हे बसत नाही. म्हणूनच थॅलेसेमियाचा प्रचार फलकांवर सोपवू नये.

इराणने १९९७ मध्ये लग्नाआधीची तपासणी बंधनकारक केली, पण क्रम हुशारीने ठरवला: आधी पुरुषाचे रक्त. त्याच्या पेशी लहान निघाल्या तरच बाईचे. शास्त्रीय कारण असे की पुरुषांत लोहाची कमतरता कमी असल्याने चाळणी चुकण्याची शक्यता कमी. सामाजिक परिणाम असा की संशयाचे बोट पहिल्यांदा बाईकडे वळत नाही. पहिल्या काही वर्षांत २७ लाखांच्या आसपास जोडप्यांची तपासणी झाली, दहा हजारांहून थोडी जास्त जोडपी दोघेही वाहक अशी निघाली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी लग्न केलेच. तेव्हा नुसता ‘लग्न करू नका’ हा सल्ला अपुरा आहे हे सरकारने ओळखले. धर्मपंडितांशी बोलणी झाली, चार महिन्यांपर्यंतच्या गर्भपाताला वाट मिळाली आणि २००५ मध्ये तसा कायदा झाला. इस्लामी राजवटीने प्रेमापुढे माघार घेऊन धोरण बदलले, असे थोड्या गमतीने म्हणता येईल.

आपल्याकडे क्रम उलटा. लग्नाआधी सहसा काहीच नाही. तपासणी होते ती गरोदर बाईची, आणि तीही ती नाव नोंदवायला येईल तेव्हा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने नवरा दुसऱ्या गावी. बाई वाहक निघाली की नवऱ्याला बोलवा, तो सवडीने येणार, त्याचा अहवाल आठवड्याने, मग दोघांच्या जनुकातला नेमका बिघाड शोधायचा, मग गर्भाची तपासणी. ही तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन होते. एवढ्या धावपळीत चौथा-पाचवा महिना सहज उजाडतो. लंडनमध्ये बर्नाडेट मॉडेल यांनी ब्रिटनमधल्या पाकिस्तानी कुटुंबांच्या नोंदी तपासल्या तेव्हा हीच गोष्ट समोर आली. ही मंडळी धर्मामुळे गर्भतपासणी नाकारतात असे सगळे धरून चालले होते. पुष्कळांना तो पर्याय वेळेत कोणी सांगितलाच नव्हता.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गर्भजल परीक्षा म्हटले की इथे लोकांना मुलींची कत्तल आठवते आणि ते रास्तही आहे. लिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने मात्र गर्भनिदान सरसकट बंद केले नाही. हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार हे त्यात परवानगी असलेले स्पष्ट कारण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मुदतही काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आहे. तरी कितीतरी कुटुंबे ‘ते बेकायदा असतं ना?’ असे विचारतात आणि काही डॉक्टरही बाजूला सरतात. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आणि आज इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था ही तपासणी गेली कित्येक वर्षे करते आहे. सोय आहे, कायदा आहे. तिथवर पोचवणारा माणूस तालुक्याला नाही.

विदर्भ आणि खानदेशात चित्र थोडे निराळे, कारण तिथे सिकलसेल आधी येतो. नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये त्याची नोंद केली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार; गोंड, माडिया, भिल्ल, पावरा, आणि आदिवासी नसलेले समाजही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ हे उद्दिष्ट, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. आई सिकलसेलची वाहक आणि बाप थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल आजारी होऊ शकते, म्हणून या दोन मोहिमा दोन टेबलांवर ठेवणे परवडणारे नाही. शिवाय अशा मोहिमेचे यश किती नमुने घेतले आणि निकालाची किती रंगीत कार्डे वाटली यावर मोजले जाते. ते कार्ड पेटीच्या तळाशी गेले की लग्नाच्या वेळी बाहेर निघते का, हे कोणीही मोजत नाही. ऑर्कोमेनोसच्या डॉक्टरांनी निदान परत जाऊन पाहिले होते.

एक अवघड गोष्ट इथेच बोलायला हवी. ‘थॅलेसेमियामुक्त भारत’ असा फलक बावीस वर्षांची मुलगी रक्त चढवून घ्यायला जाताना वाचते, तेव्हा तिला काय वाटत असेल? वेळेवर रक्त आणि औषध मिळालेली मुले आता पदवीधर झाली आहेत, नोकऱ्या करतात, संसार करतात, चाळिशी ओलांडतात. २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली, ती या मंडळींनी भांडून मिळवलेली. प्रचारात मात्र आजाराची भीती वाटावी म्हणून फुगलेल्या पोटाचे, सुजट चेहऱ्याचे मूल छापले जाते, म्हणजे उपचार न मिळालेले मूल. ते चित्र आजाराचे कमी आणि व्यवस्थेच्या हेळसांडीचे जास्त असते. नवे जन्म टाळणे आणि जन्मलेल्यांना नीट जगवणे ही कामे सायप्रसने एकाच संस्थेकडून, एकाच वेळी करवून घेतली; म्हणून तिथल्या रुग्णांना ती मोहीम आपल्याविरुद्ध वाटली नाही. आपल्या प्रचारकांनी निदान फलकाचा मजकूर छापखान्यात धाडण्याआधी एखाद्या रुग्णाला वाचायला द्यावा.

मग सुरुवात कुठून करावी? सगळ्या देशाचे रक्त तपासायचे म्हटले तर पैसा आणि माणसे दोन्ही अपुरी पडतील. पाकिस्तानात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचे फार व्यवहारी उत्तर दिले. ज्या दहा मोठ्या कुटुंबांत एक तरी रुग्ण होता, त्यांतले चुलते, आत्या, मावश्या, त्यांची मुले अशा ५९१ जणांचे रक्त तपासले तर ३१ टक्के वाहक निघाले. आजाराचा इतिहास नसलेल्या पाच कुटुंबांतले ३९७ जण तपासले, त्यांत एकही नाही. भावकीतली लग्ने हीच जिथे रीत आहे तिथे रुग्णाच्या गोतावळ्यापासून सुरुवात केली की थोड्या सुयांत बरेच वाहक सापडतात, आणि त्यांना आजार समजावूनही सांगावा लागत नाही. तो त्यांनी पुतण्याच्या, भाच्याच्या रूपाने पाहिलेला असतो.

कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात त्यासाठी आजारी मुलाच्या आईने नणंदेला फोन करून सांगावे लागते की तुमच्या सोनूचे लग्न ठरवण्याआधी त्याचे रक्त तपासून घ्या. ज्या सासरने ‘तुझ्या माहेरचं रक्तच खोटं’ असे तिला बारशापासून ऐकवले, त्याच सासरला हा फोन. मूल आजारी व्हायला बापाची प्रतही लागते, हे तिला डॉक्टरांनी नवऱ्यासमोर, शक्य झाले तर सासूसमोर, स्पष्ट सांगितलेले असेल तरच ती तो फोन करू शकते. बहुतेक ठिकाणी ते सांगितले जात नाही, कारण बाह्यरुग्ण विभागात मागे रांग उभी असते. या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग त्या दहा मिनिटांच्या बोलण्याला आणि त्यानंतरच्या फोनला दिला आहे. जनुकांच्या आकृत्या शेवटी, परिशिष्टात आहेत.